नांगी काढलेला विंचू : कलहारीतील मीरकॅटांची शिकवण्याची रीत

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लेख द्यावयाचा म्हणजे तो लेण्यांवर, शिलालेखांवर अथवा एखाद्या सत्याग्रहावर असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. या वेळचा विषय मात्र मुंगसाच्या कुळातील एका लहानशा प्राण्याचा आहे. तो प्राणी आम्ही दिवाळीच्या एका सुट्टीत आफ्रिकेत अगदी हातभर अंतरावरून पाहिला, आणि त्याला पाहताना आमच्या अध्यापनातील एक जुनी चूक आम्हांस नव्याने दिसली. त्या चुकीचा उल्लेख पुढे येईलच.

आमची धाकटी बहीण व मेहुणे नोकरीनिमित्त बोत्स्वानाची राजधानी गॅबोरोन येथे राहतात. बेचुआनालँड या नावाने ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असलेला हा मुलूख ३० सप्टेंबर १९६६ रोजी बोत्स्वाना या नावाने स्वतंत्र झाला. तेथील चलनाला ‘पुला’ म्हणतात. त्सवाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. ज्या देशाने आपल्या पैशाला पावसाचे नाव दिले, त्या देशाशी मराठवाड्यातील माणसाची ओळख व्हायला वेळ लागत नाही. गॅबोरोनहून फ्रान्सिसटाऊन व नाटा या गावांवरून सुमारे ७०० किलोमीटर उत्तरेकडे गेले की ग्वेटा हे गाव लागते. त्याच्या दक्षिणेस मकगाडीकगाडीची खाऱ्या मातीची अफाट मैदाने आहेत. पुराणकाळी येथे एक प्रचंड सरोवर होते. ते आटले आणि मागे पांढरे मीठ उरले. या मैदानांच्या काठच्या गवताळ, वालुकामय जमिनीत मीरकॅट बिळे करून राहतात.

मीरकॅट हे नाव डच भाषेतून आले आहे आणि त्या भाषेत ते एका जातीच्या माकडाचे नाव आहे. प्रत्यक्षात हा प्राणी माकडही नाही आणि मांजरही नाही. आपल्या बांधावरून सर्रकन जाणाऱ्या मुंगसाचा तो आप्त आहे. वजन किलोपेक्षाही कमी, मागच्या पायांवर उभा राहिला तर उंची जेमतेम फूटभर, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे. आपले मुंगूस बहुधा एकटे हिंडते. मीरकॅट मात्र कुटुंबाने राहतो, आणि एका कुटुंबात वीस-तीस जीवसुद्धा असतात.

पहाटे साडेचारला उघड्या जीपमधून आम्ही निघालो. आमचा वाटाड्या त्याच भागातील गृहस्थ होता. ‘दुमेला’ म्हणून त्याने स्वागत केले आणि लगोलग नियम सांगितले: जमिनीवर बसावे, हालचाल करू नये, प्राण्याला हात लावू नये, खायला काही देऊ नये. हे प्राणी पाळलेले नाहीत. कुणीतरी माणूस महिनोन्‌महिने त्यांच्या आसपास नुसता वावरत राहतो, त्यांना त्रास देत नाही आणि खाऊही देत नाही. होता होता माणूस म्हणजे वारुळासारखीच या रानातील एक निरुपद्रवी वस्तू आहे, अशी त्यांची खात्री होते. इतकीच ती मैत्री.

सूर्य वर आला तसे बिळाच्या तोंडाशी एक डोके दिसले, मग दुसरे, मग आठ-दहा. सगळे बाहेर येऊन पूर्वेकडे तोंड करून ओळीने उभे राहिले. त्यांच्या पोटावर केस विरळ असतात आणि खालची कातडी काळसर असते, त्यामुळे ऊन लवकर शोषले जाते. आमच्या वसतिगृहातील मुले डिसेंबरच्या सकाळी आंघोळीनंतर भिंतीला पाठ लावून जशी उभी राहतात, तसाच तो देखावा होता. थोड्याच वेळात त्यांतील एक मीरकॅट आमच्या पाठीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून टोपीवर चढला. नखे सदऱ्यातून टोचत होती. बहीण कुजबुजली, “दादा, हलू नकोस.” त्या सपाट मुलखात बसल्या जागी आम्ही वारुळाएवढे उंच होतो, एवढेच आमचे महत्त्व. त्याला पहाऱ्यासाठी उंच जागा हवी होती.

पहारा ही मीरकॅटची ख्याती. बाकीचे कुटुंब माती उकरण्यात गुंतलेले असताना एक जण उंचावर उभा राहून आकाश व गवत न्याहाळतो आणि बारीक आवाज करीत राहतो. त्या आवाजाचा अर्थ, मी जागा आहे, तुम्ही खा. गरुड आला तर हाक वेगळी, कोल्हा आला तर वेगळी. या पहारेकऱ्याच्या बलिदानाची कथा रचण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु संशोधकांनी पाहिले ते असे की, पहाऱ्यावर बहुधा पोट भरलेला मीरकॅट चढतो, धोका सर्वांआधी त्यालाच दिसतो आणि बीळही तो लवकर गाठतो. त्याच्या जागरूकतेचा लाभ सर्वांना होतो हे खरे, पण त्यासाठी त्याला हुतात्मा करण्याचे कारण नाही.

जवळच्या काटेरी झुडपावर आपल्या कोतवालासारखा एक काळा पक्षी बसला होता. तो कोतवालाचाच भाऊबंद. हे महाशय मीरकॅटांच्या मागे फिरतात, खराच शत्रू दिसला तर ओरडून सावध करतात आणि एकदा विश्वास बसला की मधूनच खोटी हाक देतात. मीरकॅट भक्ष्य टाकून पळाला की ते उचलून नेतात. वाटाड्याने हे सांगितले तेव्हा मेहुणे मोठ्याने हसले आणि आमच्या टोपीवरचा पहारेकरी उतरून गेला.

आता मुख्य गोष्ट. एका प्रौढ मीरकॅटने कमरेपर्यंत खड्ड्यात शिरून एक विंचू बाहेर काढला. प्रौढ मीरकॅटला विंचवाच्या विषाची फारशी बाधा होत नाही, पिल्लाला मात्र ते धोक्याचे असते. त्याने विंचू झटकला, दातांनी त्याची नांगी तोडली आणि मागे चिरक्या आवाजात मागणी करीत आलेल्या पिल्लापुढे तो ठेवला. विंचू जिवंत होता. पिल्लाने नाक लावले व ते मागे सरले. विंचू चालू लागला. मोठ्याने त्याला पकडून पुन्हा पिल्लापुढे आणले आणि नाकाने पुढे ढकलले. पिल्लू पुन्हा बिचकले. आम्हांस वाटले, आता हा स्वतःच खाऊन टाकील. तसे झाले नाही. तो तेथेच थांबून पाहत राहिला. तिसऱ्या खेपेस पिल्लाने विंचवाचे डोके धरले.

हा योगायोग नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत, याच कलहारीच्या दक्षिण भागात, कुरुमान नदीच्या काठी केंब्रिज विद्यापीठाचे टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ पासून मीरकॅटांचा अभ्यास चालविला. तेथे अॅलेक्स थॉर्नटन व कॅथरीन मॅकऑलिफ यांनी केलेले संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. पिल्लू लहान असते तेव्हा मोठे त्याला मेलेला विंचू देतात, थोडे वाढले की नांगी काढलेला जिवंत विंचू, आणि शेवटी नांगीसकट विंचू. संशोधकांनी एकाच वेतातील एका पिल्लाला तीन दिवस नांगी काढलेले जिवंत विंचू दिले, दुसऱ्याला मेलेले आणि तिसऱ्याला उकडलेले अंडे. नंतर तिघांपुढे जिवंत विंचू ठेवला, तेव्हा सराव मिळालेल्या पिल्लाने तो अधिक सफाईने हाताळला. मेलेल्या विंचवांवर पोट भरते, विद्या येत नाही.

परंतु त्याच संशोधनाचा दुसरा भाग आम्हांस अधिक अस्वस्थ करून गेला. पिल्लाची पायरी मोठे कशावरून ओळखतात? त्याच्या आवाजावरून. वयानुसार पिल्लाची मागण्याची हाक बदलते. संशोधकांनी लहान पिल्ले असलेल्या कुटुंबाला मोठ्या पिल्लांच्या ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या, तेव्हा प्रौढ मीरकॅट अधिक प्रमाणात जिवंत भक्ष्य देऊ लागले. पिल्ले तीच, लहानच. आवाज मोठा ऐकू आला, म्हणून विंचूही मोठ्यांचा मिळाला.

आमच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पाचवीच्या वर्गात एक मुलगा आला. आईवडील ऊसतोडीला जात आणि तोही दोन हंगाम त्यांच्याबरोबर गेला होता, त्यामुळे शाळा तुटलेली. वय तेरा, आवाज फुटलेला. हजेरीला “हजर” म्हणाला की वर्ग वळून पाही. त्या घोगऱ्या आवाजावरून आम्ही धरून चाललो की याला वाचता येत असणार. एके दिवशी त्याला उभे करून इतिहासाचा धडा मोठ्याने वाचावयास सांगितले. पहिल्या ओळीतल्या पहिल्याच जोडाक्षराला तो अडला. मुले हसली. आणि आम्ही, मुलांना गप्प करावयाचे सोडून, “एवढा घोडा झालास आणि” असे काहीसे बोललो. वाक्याचा शेवट आम्हांस आठवत नाही. त्याला आठवत असेल. आठवड्याच्या आत त्याचे वडील आले, त्याची पेटी डोक्यावर घेतली आणि त्याला घेऊन गेले. त्याच्या बाकावरच्या मुलाने पुढे सांगितले की तो रात्री दिव्याखाली दुसरीचे पुस्तक लपवून वाचीत असे. त्याला साधे शब्द येत होते, जोडाक्षरे तेवढी राहिली होती. नांगी काढून देण्याचे काम पंधरा दिवसांचे होते. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव नाही.

मीरकॅटच्या समाजात आम्हांस आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटली. पिल्लू सांभाळणारा, पहारा देणारा, विंचू आणून देणारा असे जन्माने ठरलेले वर्ग त्यांच्यात नाहीत. तोच मीरकॅट आज बिळाशी पिल्ले राखत दिवसभर उपाशी राहतो, उद्या पहारा देतो आणि परवा शिकवतो. श्रमांची विभागणी निराळी आणि श्रमिकांची विभागणी निराळी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ सालच्या न दिल्या गेलेल्या भाषणात मांडला, त्याची येथे आठवण होते.

तथापि येथेच थांबले तर वाचकांची फसवणूक होईल. या कुटुंबात एका प्रमुख मादीची सत्ता चालते. बहुतेक पिल्ले तिचीच असतात. दुसऱ्या मादीला पिल्ले झाली तर ती पुष्कळदा मारली जातात, आणि स्वतः गाभण असताना ती इतर माद्यांना चावून कुटुंबाबाहेर हाकलते. एकट्या मीरकॅटला त्या मैदानात जगणे कठीण. निसर्गात असे आहे म्हणून समाजातही असेच असावे, हा युक्तिवाद इतिहासात आम्ही वारंवार वाचला आहे आणि तो दर वेळी वरच्याच्या सोयीचा निघाला आहे. म्हणून मीरकॅटांना आदर्श मानावे, अशी आमची शिफारस नाही. एक शिक्षक म्हणून त्यांची एक रीत तेवढी आम्ही उचलली. आता जूनमध्ये नवे मूल आले की पहिले पंधरा दिवस त्याला वर्गापुढे वाचावयास सांगत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी बसवून, दुसरे कोणी नसताना, त्याचे वाचन ऐकतो.

परतल्यावर आम्ही ही सारी हकीकत पाचवीच्या वर्गाला सांगितली. विंचू आणून देणारी ती त्या पिल्लाची आई होती का, असे एकीने विचारले. आम्ही म्हणालो, आई असेल, मावशी असेल, थोरला भाऊही असेल, हे काम सगळेच करतात. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

“सर, ती हाकलून दिलेली परत येते का?”

“पुष्कळदा येते,” आम्ही म्हणालो. “प्रमुख मादीची पिल्ले जन्मली की तिला बहुधा पुन्हा कुटुंबात घेतात.”

“आणि तोवर कुठे राहते?”

“जवळपासच. लांबून कुटुंबाच्या मागे मागे फिरत असते.”