आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरही शी अडते तेव्हा

हिर्शस्प्रंग आजाराची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटतं, तरी काही मुलं चार-चार दिवस शीला जात नाहीत. आईवडील मनुकांचं पाणी, तूप, एरंडेल असं सगळं करून थकतात. त्यांची तगमग मला कळते. पण या मुलाची बद्धकोष्ठता चारचौघा मुलांसारखी नसते, आणि कारण शोधल्याशिवाय तिच्यावर औषधं देत राहणं मला मान्य नाही.

साधारण ५००० बाळांमागे एकाला होणाऱ्या या आजारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी जन्मतःच नसतात. तो भाग सैल पडत नाही, म्हणून मळ अडतो. सर्जन तो भाग काढून वरचं चांगलं आतडं गुदद्वारापाशी जोडतात. मात्र गुदद्वाराचा आतला स्नायू जागेवरच राहतो आणि पुढेही आवळलेला राहू शकतो. कधी जोड अरुंद होते, कधी खाली आणलेल्या आतड्यातही पेशी अपुऱ्या असतात. काही मुलं पूर्वीच्या दुखण्याच्या धास्तीने शी धरून ठेवतात.

यातलं काय आहे, हे बालशल्यचिकित्सकच ठरवू शकतात. बोटाने तपासणी, आतड्यात औषध सोडून काढलेला एक्स-रे, लागल्यास बायोप्सी. अरुंद जोड रुंद करता येते. आवळलेल्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो. पेशी नसलेला भाग उरला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. वाटेत अडथळा नसेल तर रेचक द्यायचं. ते महिनोन् महिने लागतं, चार दिवस बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं मुलाला बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या.

चड्डीला सारखी पातळ शी लागत असेल तर तिला जुलाब समजू नका. आत साठलेल्या खड्याच्या कडेने ती झिरपते आणि मुलाला कळतही नाही. त्याला रागावू नका, मारू तर नकाच.

पोट फुगून टणक झालं, ताप आला, उलट्या होऊ लागल्या, घाण वासाची पातळ शी जोरात झाली किंवा मूल मलूल पडलं, तर तो आतड्याचा गंभीर दाह असू शकतो. तो जिवावर बेतू शकतो. रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा. घरी आतडं धुवायला तुम्हाला शिकवलं असेल तर त्यासाठी फक्त सलाईनच वापरा, साधं पाणी कधीही नको.