पिस्तुलाची पेटी घरी करताना

पोरी, पेटी करायची म्हणतेस तर आधी हातातलं पिस्तूल मोजायला बसू नकोस. नियमाचं माप धर. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर एक चौकट ठेवलेली असते: 420 मिलिमीटर लांब, 200 उंच, 50 रुंद. पिस्तूल तिच्यात बसलं तरच पुढे जायचं. आज तुझ्याकडे क्लबचं पिस्तूल आहे, उद्या स्वतःचं येईल, परवा ग्रिप बदलशील. काहीही आलं तरी ते या मापाच्या बाहेरचं नसणार. म्हणून पेटी याच मापाभोवती बांधायची. लांबीच्या दोन्ही टोकांना आणि दोन्ही बाजूंना 30 मिलिमीटर फोम, खाली 20, वर 20, आणि शेजारी सामानाचा एक लांबट कप्पा. पेटीचं आतलं माप 480 बाय 340 बाय 90 मिलिमीटर धर.

आता ही पेटी नेमकं काय जपणार, ते ऐक. पिस्तूल धातूचं आहे, सहजासहजी मोडत नाही. जपायची असते ती त्याची लावलेली साइट. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर साधारण 330 मिलिमीटर असतं. मागची साइट मिलिमीटरचा फक्त दहावा भाग बाजूला सरकली, तर 10 मीटरवर पेलेट 3 मिलिमीटर बाजूला जातं. तुझ्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ सगळं मिळून साडेअकरा मिलिमीटरचं. मध्यापासून त्याच्या कडेपर्यंत पावणेसहाच. म्हणजे वाटेत साइटवर थोडा दाब पडला, तर रेंजवर पोहोचेपर्यंत निम्मं दहा हातातून गेलेलं असतं, आणि तू मात्र आपला श्वास चुकतोय, मनगट हलतंय, असं म्हणत तास घालवशील. पेटीतला प्रत्येक जोड, फोमचा प्रत्येक काप या एका गोष्टीसाठी आहे. घरी लावलेलं पिस्तूल रेंजवर तसंच हातात आलं पाहिजे.

लाकडाचं म्हणशील तर सागवानाच्या मोहात पडू नकोस. दिसतं देखणं, पण एसटीच्या गर्दीत खांदा भरून येतो. वखारीत वाळलेलं शिवण मिळालं तर घे. हलकं असतं, सहसा पीळ खात नाही. नाहीतर चांगल्या प्रतीचं, पाण्याला टिकणारं प्लाय घे. चारही बाजूंना 12 मिलिमीटर, तळाला आणि झाकणाला 6 मिलिमीटर. रिकामी पेटी तीन किलोच्या आसपास येते. पिस्तूल किलोभराचं, वर बाकीचं सामान; एवढं शाळकरी पोरालाही पेलतं.

कोपऱ्यांना निम्म्या जाडीची खाच घे, म्हणजे एक फळी दुसरीच्या खाचेत जाऊन बसते. प्लायच्या कडेत स्क्रू मारू नकोस. थर उकलतात आणि वर्षभरात स्क्रू हलायला लागतो. पाण्याला टिकणारं फेविकॉल लाव, वर बांबूच्या बारीक खुंट्या ठोक. शिकंजे आवळले की लगेच दोन्ही कर्ण मोज. ते सारखे आले तर पेटी काटकोनात आहे. गुण्या एकच कोपरा दाखवतो, कर्ण चारही दाखवतात. रात्रभर तशीच राहू दे.

झाकण वेगळं करायचं नाही. ही सुतारकीतली जुनी युक्ती माझ्या वडिलांनी मला दिली, ती तुला देतो. सहाही बाजू चिकटवून पेटी पूर्ण बंद कर आणि फेविकॉल पक्कं वाळल्यावर करवतीनं झाकण कापून काढ. असं कापलेलं झाकण त्या पेटीवर तंतोतंत बसतं. वेगळं केलेलं झाकण कितीही मोजून केलं तरी एखादा कोपरा वर राहतोच. वरून 40 मिलिमीटरवर चारही बाजूंनी रेघ मारून घे, आणि त्या रेघेवर कुठे खुंटी येणार नाही हे ठोकतानाच बघ. तीन बाजू कापून झाल्या की कापाच्या फटीत करवतीच्या पात्याएवढ्या जाडीचे लाकडी तुकडे घाल, त्यांवरून चिकटपट्टी गुंडाळ आणि मगच चौथी बाजू काप. नाहीतर शेवटच्या बाजूला फट मिटते, करवत अडकते आणि कड फाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पिस्तूल कुठल्या तोंडानं ठेवायचं. बाजारातल्या बऱ्याच पेट्या लांब बाजू नेमबाजाकडे करून उघडायच्या असतात. टेबलावर तशी पेटी उघडली की नळीचं तोंड थेट शेजारच्या नेमबाजाकडे. रेंजवर हे चालायचंच नाही. तुझी पेटी टेबलावर उभ्या अंगानं बसली पाहिजे, आखूड बाजू तुझ्याकडे, नळीचं तोंड टार्गेटकडे. तू उजव्या हाताची आहेस, म्हणून बिजागरी डाव्या लांब बाजूला, मूठ आणि कड्या उजव्या लांब बाजूला. झाकण डावीकडे उघडेल. झाकणावर बाहेरून एक ठसठशीत बाण रंगव, नळीच्या दिशेचा. पेटी न उघडताच तुला आणि पंचांना दिसलं पाहिजे की तोंड कुठे आहे.

मूठ उजवीकडे आली म्हणजे उचलताना उजवी बाजू वर आणि बिजागरी खाली. अशा वेळी पिस्तुलाचा भार साइटवर येता कामा नये. म्हणून पिस्तुलाची पाठ, म्हणजे साइटची बाजू, मुठीकडे ठेव आणि ग्रिप बिजागरीकडे. चालताना पिस्तूल ग्रिपच्या तळावर आणि सांगाड्यावर टेकून राहतं, साइट मोकळ्या राहतात. बाहेर काढताना डाव्या हातानं नळीपाशी धरून उचल आणि मग उजवा हात ग्रिपमध्ये नीट बसव. तसंही तुला तसंच करायचं असतं. उजव्या हातानं झडप घालून उचललेली ग्रिप हातात कधीच नीट बसत नाही. सामानाचा कप्पा बिजागरीच्या कडेला ठेव. पेटी उचलली की तो तळाला जातो, जड डबे खाली राहतात आणि पिस्तुलावर काही पडत नाही. मधली पट्टी मात्र खाच घेऊनच बसव, कारण चालताना पिस्तुलाचं वजन तिच्यावर येतं. डावखुऱ्या मुलासाठी पेटी करायची वेळ आली तर हे सगळं उलटं कर.

बिजागरी पेटीभर लांबीची, पियानो बिजागरी म्हणतात ती, घे. ती जिथे बसणार तिथे आतून सागवानाची एक पट्टी चिकटव, म्हणजे स्क्रूला पकड मिळेल. मुठीला स्क्रू नकोच. आरपार नट-बोल्ट आणि आतून रुंद वॉशर. मूठ झाकणावर लावायची नाही, खालच्या पेटीवर लावायची. कडी नीट लागली नसेल तर झाकणावरची मूठ सगळं रस्त्यावर ओतते. मूठ अगदी मधोमध असेलच असंही नाही. सगळं सामान भरून पेटी लाटण्यावर आडवी तोलून बघ. जिथे तोल सापडेल तिथे मुठीचा मध्य.

फोमवर घाई करू नकोस. गादीचा फोम पाणी शोषतो, ते धरून ठेवतो आणि काही वर्षांनी त्याचा चिकट भुगा होऊन ट्रिगरच्या खाचेत शिरतो. मखमल दिसायला छान, पण तिचे धागे निघतात. चामड्याचं अस्तर तर नकोच. कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात आणि पोलाद गंजतं. ज्या फोमच्या चपला करतात तो ईव्हीए फोम घे, पाणी पीत नाही. पिस्तूल त्यावर ठेवून पेन्सिलीनं कड आख, आणि नवं पातं घातलेल्या कटरनं दोन-तीन हलक्या फेऱ्यांत काप. एकाच दमात दाबून कापलं की खालची कड तिरपी जाते.

पिस्तुलाला आधार फक्त सांगाडा, नळीचा जाड भाग आणि ग्रिपचा तळ इथेच दे. ट्रिगरभोवती दोन बोटं मोकळी जागा. दोन्ही साइटभोवती आणि साइट फिरवायचा स्क्रू ज्या बाजूला येईल तिथे खोल कोरून टाक, झाकणाच्या फोममध्येसुद्धा. कोरलं पुरेसं का, हे डोळ्यांनी ठरवू नकोस. पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या साइटवरून आणि स्क्रूवरून घाल, टोकं बाहेर ठेव, झाकण लाव आणि एकेक पट्टी हळूच ओढ. अलगद सुटली तर ठीक. अडकली किंवा फाटली तर तिथे दाब आहे, पुन्हा कोर.

नळीच्या पुढेही फोममध्ये एक चर ठेव. पिस्तुलात नारिंगी सेफ्टी फ्लॅग घातलेलाच पेटीत ठेवायचा, आणि एअर पिस्तुलाचा फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीचा असावा लागतो, म्हणजे त्याचं टोक तोंडातून बाहेर डोकावतं. चर नसेल तर फ्लॅग मुडपतो, आणि मग पोरं फ्लॅग काढून पिस्तूल ठेवायला लागतात. पेटीनं माणसाला वाईट सवय लावू नये.

कप्प्यात काय ठेवायचं? ॲलन की, बारीक स्क्रूड्रायव्हर, जादा ओ-रिंग, हवेचा एक जास्तीचा सिलिंडर. 2021 मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं आणि दुरुस्तीत हातचा वेळ गेला, हे तू पाहिलंयस. 60 शॉटना सव्वा तास मिळतो. त्यात ॲलन की मागत फिरणं परवडत नाही. सिलिंडरवरची मुदतीची तारीख वाचत जा. पेलेटचा डबा अर्धा झाला की वरून फोमची चकती घाल. मोकळे पेलेट हलून त्यांच्या पातळ कडा दबतात आणि दबलेलं पेलेट सरळ जात नाही. पेलेट शिशाचे असतात, तेव्हा चिवडा, भाकरी, पाण्याची बाटली यातलं काहीही या पेटीत ठेवायचं नाही, आणि नेमबाजी झाली की साबणानं हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही. हे मी प्रत्येक पोराला सांगतो आणि सांगतच राहणार.

अमेरिकेत ओहायोतल्या कॅम्प पेरीला 1907 पासून राष्ट्रीय सामने होतात. तिथले पिस्तूलवाले अजून हौसेनं घरी लाकडी पेट्या करतात. त्यांच्या एका सामन्यात तीन वेगवेगळी पिस्तुलं लागतात, म्हणून पेटीत तिरपे खण असतात, आणि झाकणावर दुर्बीण बसवलेली असते, 50 यार्डांवरचं भोक दिसावं म्हणून. ती पेटी त्यांच्या खेळातून घडली. तुला समोर पडद्यावर शॉट दिसतो, तुला दुर्बिणीचा भार वाहायचं कारण नाही. दुसऱ्याची पेटी बघावी जरूर, पण खण आपल्या खेळाचे पाडावेत.

बाहेरून लाखेचं पॉलिश करू नकोस, पावसाच्या पाण्यानं ते पांढरं पडतं. वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात दे, आतल्या लाकडालाही एक दे. मग दोन आठवडे पेटी उघडी ठेवून वाळव. ताज्या वॉर्निशच्या आणि प्लायमधल्या गोंदाच्या वाफा बंद पेटीत कोंडल्या की पोलादाला लागतात. वास पूर्ण गेल्याशिवाय पिस्तूल आत जाणार नाही. सिलिका जेलची पुडी ठेव आणि रंग बदलला की गरम करून पुन्हा वाळव. कोल्हापूरच्या जुलैत घामेजली ग्रिप तशीच बंद केलीस तर पुडी बिचारी काय करणार? आधी ग्रिप पुसून वाऱ्यावर धर. आणि बालेवाडीला गाडीत एसी लावून गेलात तर उतरल्या उतरल्या पेटी उघडू नकोस. थंड धातूवर दमट हवा लागली की पाणी धरतं. अर्धा तास बंद ठेव, पेटी बाहेरच्या हवेला आली की उघड.

कुलूप लाव, एअर पिस्तूल असलं तरी. घरात लहान पोरं आहेत. पेटीवर पिस्तुलाचं चित्र, कंपनीचा स्टिकर काही नको. साधी हत्यारांची पेटी वाटली तर उत्तम. विमानानं जायचं झालं तर आधी विमान कंपनीला कळव, सिलिंडर काढून पूर्ण रिकामा कर, आणि पेटी सोबतच्या बॅगेत न ठेवता चेक-इनला दे.

शेवटचं एक. फोम पेटीला चिकटवू नकोस, नुसता घट्ट बसव. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते 25 मीटर पिस्तुलात, आणि तुझाही डोळा तिकडे आहे हे मला ठाऊक आहे. त्या पिस्तुलाची चौकट 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरची, म्हणजे तुझ्या पेटीत आरामात मावणारी. तेव्हा जुना फोम उचलून बाजूला ठेव आणि नवा कोरून घाल. फक्त ते .22 चं असेल, त्याला परवाना लागतो. गोळ्या वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात, आणि परवाना कायम बरोबर. तो डबा मात्र आत्ताच उरलेल्या प्लायमधून करून ठेव, 12 मिलिमीटरचे तुकडे फेकू नकोस.