पठारावर ताम्हण वाढवताना

ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, पण त्याचं माहेर कोकणातल्या ओढ्याकाठी. डोक्यावर ऊन आणि पायाशी ओल, अशा जागी ते कुणी न लावता वाढतं. सोलापूर, जालना, अकोला भागात मात्र मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो आणि नवं रोप पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच करपतं. मग लोक खत घालतात. पण कोरड्या पठारावर ताम्हणाला कमी पडते ती ओल. ती टिकवायची कशी, त्याची ही कृती.

लागेल ते: तीन-चार फुटी रोप, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, अर्धा-एक किलो निंबोळी पेंड, बांबूची काठी, सुतळी, आणि पोतंभर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट. रोप घेताना पान बघून घ्या. याच कुळातलं एक बुटकं चिनी झुडूपही रोपवाटिकांत ताम्हण म्हणून विकलं जातं. त्याचं पान इंच-दोन इंचांचं असतं. ताम्हणाचं पान जाड आणि वीतभर लांब. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते रोप कितीही उंच दिसलं तरी नको.

१. एप्रिल-मेमध्ये अडीच फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या आणि पावसापर्यंत उन्हात तापू द्या. मुरमाड जमिनीत तो अर्धा फूट वाढवा. भिंतीपासून दहा-पंधरा फूट लांब राहा आणि दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडा. सावलीतलं ताम्हण जगतं, पण फुलत नाही.

२. दोन-तीन चांगले पाऊस झाले की वरच्या थरातली माती, शेणखत आणि पेंड एकत्र करून खड्डा भरा. पेंड वाळवीसाठी आहे, ती वगळू नका. पिशवी पूर्ण फाडून काढा आणि मातीचा गोळा न फोडता रोप लावा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच रोप गाडलं जावं. काळ्या जमिनीत ते वीतभर उंचवट्यावर लावा, कारण आषाढात तिथे खड्ड्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. काठी रोवून सुतळीचा सैल आठ बांधा.

३. आता आळं, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. खोडाला चिकटून वाटीएवढं आळं करायचं आणि त्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचं, ही सवय सोडा. अशा पाण्याने मुळं वरच घुटमळतात आणि उन्हाळ्यात वरची चार बोटं माती तापली की तीच आधी मरतात. खोडाभोवती थोडी माती चढवून ठेवा आणि आळं त्याच्या बाहेर, दीड फुटावर, गोल काढा. दर वर्षी ते फांद्यांच्या घेराबरोबर बाहेर सरकवा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी १५ ते २० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, त्याच्या दुप्पट. पाणी द्यायचं का, हे कॅलेंडरपेक्षा काडीला विचारा: वीतभर खोल खुपसलेली काडी ओली निघाली तर आज पाणी नको.

४. आळ्यात तीन-चार इंच आच्छादन पसरा, खोडापासून चार बोटं सोडून. काळ्या मातीला भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात. आच्छादनाखाली भेगा कमी पडतात. वाळलेली पानं जाळणाऱ्यांनी ती आपल्याच झाडाखाली टाकली तर निम्मं काम फुकटात होतं.

५. पहिली दोन वर्षं मार्च ते मे पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा आडोसा करा. दुपारनंतरचं ऊन कोवळ्या खोडाची साल भाजतं आणि तिथून कीड शिरते.

६. हिवाळ्यात पानं तांबूस होऊन गळतात. हा रोग नाही, औषध मारू नका. फुलं नव्या फुटीच्या टोकांना येतात, त्यामुळे छाटणी पालवीआधी, फेब्रुवारीत: वाळलेल्या, घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या तेवढ्या काढा. शेंडे उडवून झाडाचं मुंडण करू नका. कोवळ्या फुटीवर मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा, नाही गेला तर पाच टक्के निंबोळी अर्क. शेणखत पावसाच्या तोंडाला, वर्षातून एकदाच. युरिया देऊच नका, त्याने नुसता पाला माजतो.

बियांपासूनचं रोप फुलायला चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घेतं. एकदा फुलू लागलं की एप्रिल ते जून जांभळे तुरे येतात. बहावा किंवा गुलमोहर मुरल्यावर उन्हाळ्यात पाण्यावाचून निभावतो. ताम्हणाला पठारावर मोठेपणीही मे महिन्यात पंधरवड्याने एकदा भरपूर पाणी दिलेलं बरं.

रोपाभोवती लोखंडी जाळी लावली असेल तर ती खोडाला टेकायच्या आत काढा. आणि अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायला माणसं आली तर समोर उभं राहून खोडाभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवून घ्या. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं तेवढं काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये द्यावा लागला होता.