कमी पगाराची नोकरी : स्वीकारावी की नाकारावी?

बाजारभाव उतरला असता दुकानी पडून राहिलेल्या मालाचे काय करावे, हा प्रश्न आपणां व्यापाऱ्यांस नवा नाही. खरेदीचा भाव मनात धरून जो माल अडवून बसतो, तो पुष्कळदा माल व भांडवल दोन्ही गमावितो. नोकरीतून कमी केलेल्या गृहस्थापुढे थोड्या पगाराची नोकरी चालून येते, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो. मात्र येथे घरची चूल पणास लागलेली असते. आपल्याही कुटुंबांत नोकरी करणारी मुले, सुना व जावई आहेत. म्हणून हा विचार अवश्य आहे.

डिचोली तालुक्यातील मुळगावचेच उदाहरण घेऊ. येथील लोहखनिज टिप्परने धक्क्यावर जाई व तेथून बार्जीने मांडवीमार्गे मुरगाव बंदरास पोहोचे. चालक, यांत्रिक, कारकून, इतकेच नव्हे तर नाक्यावरील किराणा दुकानदारही त्यावर अवलंबून होते. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. परंतु 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन 16 मार्चपासून उत्खनन पुन्हा थांबले. डिचोली-मुळगाव गटाचा लिलाव डिसेंबर 2022 मध्ये झाला व काम सुरू होण्यास 2024 साल उजाडले. पुढील हंगामात खाण सुरू होईल या आशेवर जो घरी बसला असेल, त्याचे सहा हंगाम रिकामे गेले. शिवाय खाण उघडली तरी जुनी जागा जुन्या पगारावर मिळेलच, असा भरवसा कोणी द्यावा?

आता हिशेब मांडू. समजा, एका गृहस्थाचा पगार दरमहा 30,000 रुपये होता, घरखर्च 22,000 आहे आणि नुकसानभरपाई व बचत मिळून 2,20,000 रुपये हाती आहेत. काहीच न केल्यास ही पुंजी 10 महिन्यांत संपेल. आता त्यास 16,000 रुपयांची नोकरी मिळत आहे. जाण्यायेण्याचे 2,000 वजा जाता 14,000 उरतात. महिन्याची तूट 8,000 झाली. म्हणजे तीच पुंजी 27 महिने पुरेल. खर्च 18,000 वर आणल्यास तूट 4,000 व मुदत साडेचार वर्षांहून अधिक. जुन्या पगाराशी तुलना करणारा 14,000 चा तोटा पाहतो. शिलकेकडे पाहणारास मात्र सवडीने चांगली नोकरी शोधण्याची मुदत दिसते.

तथापि, मिळेल ती नोकरी पत्करावी, असा याचा अर्थ नव्हे. डिचोलीहून पेडण्यातील मोपा विमानतळावर नोकरीस जाणाराने वाटखर्च व प्रवासाचे तास आधी मोजावेत. पगार कायद्याच्या किमान वेतनाहून कमी असेल, जीवास धोका असेल, अथवा सोडून जाता येऊ नये असा करार लिहून मागत असतील, तर नकार देणेच शहाणपणाचे. दुसरीकडील नेमणूक लेखी ठरलेली असेल, तर महिनाभर थांबण्यास हरकत नाही. केवळ तोंडी आश्वासनावर मात्र थांबू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या नोकरीत वर्ग करून घ्यावा. त्याच्या निवृत्तिवेतनास 10 वर्षांची सेवा लागते, आणि त्या योजनेखालील थोड्या पगाराची वर्षेही त्यात मोजली जातात.

राहता राहिला लौकिकाचा प्रश्न. काल जो पर्यवेक्षक होता, त्याने आज गोदामात नोंदी ठेवाव्यात हे त्याच्या मनास लागते. अशा वेळी घरच्यांनी त्याच्या पगाराची चर्चा चारचौघांत करू नये. खर्चाचा कागद मात्र सर्वांनी एकत्र बसून मांडावा.

शेवटी, आपण मालकही आहोत. माणूस कमी करणे भागच पडले, तर आगाऊ सूचना व सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास 15 दिवसांचे वेतन ही 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील तरतूद 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे; ज्यास ती लागू असेल त्याचे देणे वेळेवर चुकते करावे. आणि असा अनुभवी माणूस आपल्या पेढीच्या दारी आला, तर त्याच्या अडचणीचा भाव करू नये. आज थोडा पगार देणे भाग असेल, तर तो केव्हा व किती वाढवू, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्यावे.