शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

कॅडेट मित्रांनो, गडांचा इतिहास तुम्ही वाचता. त्याच गडांच्या कड्यांवर राहणाऱ्या एका रोपाची ओळख मी करून देतो. भिलाईच्या आसपास ते दिसायचे नाही. रानात ते फक्त महाराष्ट्रात आढळते.

त्याचे नाव शिंदळ माकुडी. शिवनेरीवर सापडते म्हणून शिवसुमनही म्हणतात. १८६० च्या दशकात निकोलस डॅलझेल यांनी जुन्नर भागातील या रोपाचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ नाव दिले. शिवसुमन हेच मला अधिक शोभते.

खोड मांसल, पाणी साठवणारे. पावसात पाने फुटतात, उन्हाळ्यात गळतात. नुसते हिरवे खोड तग धरते. गणपतीच्या सुमारास किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले येतात.

१९८० च्या दशकात आययूसीएनने जगातील सर्वांत धोक्यातल्या १२ वनस्पतींत तिला धरले. चराई आणि वणवे यांतून ती वाचते ती उभ्या कड्यावर, जिथे शेळीचे तोंड पोचत नाही.

गंमत अशी, की फांदी कुंडीत खोचली तरी रुजते. मग ती वाचली का? नाही. एका रोपाच्या शंभर फांद्या लावल्या तरी आनुवंशिकदृष्ट्या ते एकच रोप. बियांतून येणारे वैविध्य कड्यावरच टिकते.

सुट्टीत शिवनेरीला गेलात आणि ती दिसली, तर फोटो काढा. नेमकी जागा मात्र कुणाला सांगू नका.