मुलांचे प्रश्न आणि वाणीचे तप

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीर, वाणी व मन यांच्या तपाचा विचार आला आहे. पंधराव्या श्लोकात वाणीच्या तपाचे लक्षण सांगितले आहे. जे बोलणे ऐकणाऱ्याच्या मनात उद्वेग उत्पन्न करीत नाही, जे सत्य, प्रिय आणि हितकर असते, ते बोलणे व त्याच्या जोडीला स्वाध्याय, हे वाणीचे तप होय. हे लक्षण सभेतील वक्त्यास जितके लागू, तितकेच घरात मुलाच्या प्रश्नास उत्तर देणाऱ्या मातापित्यांसही लागू आहे.

मूल पाहते आणि विचारते: केर काढणाऱ्या बाईंचा कप वेगळा का? अमक्याच्या घरचे पाणी का प्यावयाचे नाही? अशा वेळी बहुधा तीन उत्तरे दिली जातात. ‘गप्प बैस’, ‘अशी रीतच आहे’, आणि ‘ज्याचे त्याचे पूर्वकर्म’. पहिल्याने प्रश्न दडपला जातो, पण मुलाने पाहिलेले पुसले जात नाही. दुसऱ्याने अन्यायास रीतीचे नाव मिळते. तिसरे सर्वांत घातक, कारण ते धर्माच्या नावाने दिले जाते. कर्मसिद्धांत स्वतःच्या आचरणाचे उत्तरदायित्व ओळखण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी नव्हे. परक्याचे सुखदुःख आपल्यावरून जाणावे, असे सहाव्या अध्यायाचा बत्तिसावा श्लोक शिकवितो.

मुलाची बुद्धी किती लवकर जागी होते, याचे उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रात आहे. त्यांच्या घरी उका नावाचा सफाई करणारा मनुष्य येत असे. त्यास स्पर्श झाला तर स्नान करावे, अशी घरची शिस्त होती. जेमतेम बारा वर्षांचा मोहन आईस विचारी की, उकाला शिवण्यात पाप कसले? तो आज्ञा पाळी. पण हे धर्माचे सांगणे नव्हे, असे हसत हसत म्हणेही. १९२१ साली अहमदाबाद येथील परिषदेत गांधीजींनी स्वतःच ही आठवण सांगितली.

मग सत्य सांगावे कसे? लहान मुलास व्यवस्थेचे विवेचन कळत नाही, तहान कळते. त्यास साताऱ्याच्या शाळेतील लहान भीमरावाची गोष्ट सांगावी. त्यास इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे त्याच डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी सहस्रावधी लोकांसह प्राशन केले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले. मात्र कायदा झाला म्हणून मनातील भेद गेला, असे मुलास सांगू नये. ते सत्य होणार नाही.

मोठे मूल पुढची शंका घेते: ‘आपल्या पूर्वजांनीही असेच केले काय?’ केले असेल तर ‘होय’ म्हणावे. पूर्वजांविषयी कृतज्ञता ठेवूनही त्यांची चूक चूक म्हणता येते. मुलाच्या माथी अपराधाचे ओझे न देता, ती चूक पुढे न चालविण्याचे कर्तव्य द्यावे. ज्या घराण्याने हा अन्याय सोसला, तेथील मुलास तर प्रथम हेच सांगावे की, उणेपणा तुझ्या जन्मात नव्हता. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत होता.

‘शास्त्रातच हा भेद आहे ना?’ असेही मूल विचारील. शास्त्रवचनांच्या आधारे अस्पृश्यतेचे समर्थन केले गेले, ही गोष्ट लपवू नये. पाचव्या अध्यायाचा अठरावा श्लोक त्याच्यासमवेत वाचावा. विद्वान ब्राह्मणापासून श्वपाकापर्यंत सर्वांच्या ठायी समदृष्टी ठेवणारा तो पंडित, असे तेथे म्हटले आहे. ‘श्वपाक’ हा शब्दच त्या काळच्या समाजातील उच्चनीचतेची खूण आहे. ती उतरंड डोळ्यांसमोर असताना ज्ञान्याची दृष्टी तिच्यात अडकत नाही, हे त्या श्लोकाचे मर्म होय. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तेथे ‘दोघे मिळून शोधू’ असे म्हणावे. वाणीच्या तपात स्वाध्याय का गणला आहे, ते येथे ध्यानात येते.

परंतु सर्व उत्तरांची कसोटी घरातच लागते. श्रेष्ठ जसे वागतो तसेच इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील तत्त्व मूल न वाचताच जाणते. समत्वाचा श्लोक पाठ करविला आणि स्वयंपाकघरातील वेगळा कप तसाच राहिला, तर मूल श्लोक विसरेल; कप विसरणार नाही.

म्हणून या पाठाचे आचरण गृहस्थाने पुढीलप्रमाणे करावे. मुलाचा प्रश्न पूर्ण ऐकावा. उत्तर थोडे, पण खरे द्यावे. घरी काम करणाऱ्यांस नावाने व आदराने हाक मारावी. आणि वेगळा ठेवलेला कप असेल तर तो मुलाच्या हातूनच सर्व कपांत मिसळून ठेववावा. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या कृतीनेच दिले जाईल.