गाडीचे नाव ‘आठ एकोणचाळीस’ : मुंबईच्या लोकलमधील मराठी संख्याशब्द

इंदूरच्या मराठी घरांतील बहुतेक मुलांप्रमाणे मीही लहानपणी घरी मराठी बोलत असे आणि आकडे मात्र हिंदीत मोजत असे. पाढे हिंदीत, बाजार हिंदीत, क्रिकेटचा धावफलकही हिंदीत. आजी एखादा मराठी आकडा उच्चारी, तेव्हा तो वाक्याच्या ओघात नुसताच कानावरून जाई. त्यात काही बिघडते आहे असे कधी वाटले नाही. बिघडले ते डोंबिवलीच्या फलाटावर.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कांजूरमार्गच्या एका शाळेत शिक्षकपदाची मुलाखत होती, साडेनऊला. आदल्या रात्री आत्याकडे डोंबिवलीला उतरलो होतो. सकाळी ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “कांजूरला ना? मग आठ एकोणचाळीस पकड, निवांत पोचशील.” स्टेशनवर येऊन मी इंडिकेटर पाहिले. ८:४१ ची गाडी लागत होती. आत्या हीच म्हणाली असणार, असे धरून मी चढलो. ठाणे गेल्यावर गाडी थांबेना. कांजूरमार्ग डोळ्यांदेखत मागे पडले. घाटकोपरला दारापर्यंत पोचताच आले नाही. दादरला गर्दीनेच मला खाली उतरवले. उलट दिशेची धीमी गाडी पकडून शाळेत गेलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि मुलाखती आटोपल्या होत्या. ८:३९ ची गाडी धीमी होती आणि ८:४१ ची जलद. मी ‘एकोणचाळीस’ ऐकून ‘एक्केचाळीस’ समजलो होतो.

ही चूक माझी, पण तिला भाषेतले कारण आहे. संस्कृतात एकोणचाळिसाला ‘एकोनचत्वारिंशत्’ म्हणतात, म्हणजे एकाने ऊन (कमी) असे चाळीस. नुसते ‘ऊनचत्वारिंशत्’ असेही चालते. हिंदीने दुसरी वाट धरली : उनतालीस, उनचास, उनसठ. मराठीने ‘एक’ सोडला नाही : एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. हिंदीत मोजणाऱ्या कानाला आरंभीचा ‘एक’ आणि शेवटचा ‘चाळीस’ तेवढा ऐकू येतो. मधला ‘ऊन’ निसटतो आणि वजाबाकीची बेरीज होते. एकोणतीस आणि एकतीस, एकोणसाठ आणि एकसष्ट, या जोड्यांतही हाच सापळा आहे. माझ्या वर्गातली इंदूरची मुले आजही याच ठिकाणी अडतात.

नोकरी दुसरीकडे मिळाली आणि पुढची सहा वर्षे मी डोंबिवलीकर झालो. रोज त्याच डब्यात, त्याच माणसांत उभे राहून प्रवास करताना लक्षात आले की ‘आठ एकोणचाळीस’ ही वेळच नाही. ते गाडीचे नाव आहे.

ध्वनिक्षेपक गाडीची वेळ सांगतो ती ‘आठ वाजून एकोणचाळीस मिनिटांची’ अशी. प्रवाशांनी त्यातले ‘वाजून’ आणि ‘मिनिटे’ दोन्ही गाळले. उरलेल्या दोन संख्याशब्दांना ‘गाडी’चे लिंग मिळाले : “आठ एकोणचाळीस गेली का?” इथे ‘गेली’ हे क्रियापद न उच्चारलेल्या ‘गाडी’शी जुळते. तरुण प्रवासी तीच गाडी इंग्रजी आकड्यांत सांगतात, तेव्हाही “एट थर्टीनाइन गेली” असेच म्हणतात. शब्द परके झाले तरी लिंग मराठीच राहते.

विभक्तीकडे पाहा. एरवी ‘चाळीस’चे सामान्यरूप होते आणि दीर्घ ‘ळी’ ऱ्हस्व होते : चाळिसांना, चाळिसाव्या, चाळिशीत. गाडीच्या नावात असे काही होत नाही. “एकोणचाळीसला गर्दी असते”, “आमचा एकोणचाळीसचा ग्रुप”, “उद्या एकोणचाळीसने ये”. ‘गिरीश’ला प्रत्यय लावताना आपण ‘गिरीशला’ म्हणतो, ‘गिरिशाला’ म्हणत नाही, तसेच हे. संख्याविशेषणाचे विशेषनाम झाले, याचा यापेक्षा चांगला पुरावा व्याकरणाच्या तासाला मला सापडलेला नाही.

तरीही कोणाला शंका असेल तर हे वाक्य घ्यावे : “आज आठ एकोणचाळीस पावणेनऊला आली.” घड्याळाच्या हिशेबाने हे वाक्य वेडगळ आहे. डब्यात ते ऐकून कोणी मानही वर करीत नाही. ‘पावणेनऊ’ ही वेळ आहे, ‘आठ एकोणचाळीस’ हे नाव आहे, आणि नाव उशिराने बदलत नाही. आमच्या डब्यात सव्वा, साडे, पावणे ही मापे माणसांच्या भेटीगाठींसाठी राखून ठेवलेली होती. ‘साडेआठला भेटू’ यात पाच-दहा मिनिटांची सैल गाठ असते. गाडी मात्र ‘आठ तीस’.

(जाता जाता : भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाल्यावरही मुंबईने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ बरीच वर्षे जपली. ती प्रमाणवेळेच्या किती मागे होती? एकोणचाळीस मिनिटे. या आकड्याचे आणि माझे काय वैर आहे कोण जाणे.)

लोकलच्या इतर शब्दांबद्दल थोडक्यात. घोषणेतली ‘जलद’ आणि ‘धीमी’ प्रवाशांच्या तोंडी ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ होते. ‘पुढील स्थानक’ ऐकणारा माणूस शेजाऱ्याला ‘स्टेशन’च म्हणतो. त्यावरून घोषणेची मराठी खोटी आहे असे मी मानत नाही. ती रोज ऐकली जाते आणि कळते. न बोलताही शब्द जगू शकतो. ‘अप’ आणि ‘डाउन’ या शब्दांनी मात्र मला बरेच दिवस चकवले. आमच्याकडे ‘अपडाउन करणे’ म्हणजे देवास किंवा उज्जैनला रोज जाऊन येणे. मुंबईत अप म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेटच्या दिशेने, डाउन म्हणजे त्यापासून दूर.

आता शिक्षकांसाठीची अडचण. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा मोठा वाद झाला. मी तेव्हा इंदूरला परतलो होतो आणि रविवारी मुलांना मराठी शिकवत होतो. वाद वाचताना दोन्हीकडे ओढला गेलो. आत्या त्या दिवशी ‘आठ तीस नऊ’ म्हणाली असती तर मी योग्य गाडीत बसलो असतो, हे कबूल करायला हवे. पण ती तसे म्हणाली नसती. फलाटावरचे कोणीच म्हणत नाही. मुलांना ‘तीस नऊ’ समजावून सांगायला पायरी म्हणून वापरावे, पण त्यांना मराठी माणसांत उतरायचे असेल तर ‘एकोणचाळीस’ कानांनी ओळखता आले पाहिजे.

म्हणून मी वर्गात लोकलचे वेळापत्रक वापरतो. फळ्यावर वेळा लिहितो आणि त्यांकडे पाठ करून उभा राहतो. एक मूल गाडीचे नाव पुकारते, दुसरे धावत जाऊन त्या वेळेवर बोट ठेवते. ‘नऊ एकोणतीस’ आणि ‘नऊ एकतीस’ मी मुद्दाम शेजारी शेजारी लिहितो. चुकीच्या गाडीत बसलेल्याला दादरपर्यंत, म्हणजे वर्गाच्या दारापर्यंत, जाऊन परत यावे लागते. तीन-चार रविवारांत एकोणसाठपर्यंतचे आकडे बसतात. त्यापुढे वेळापत्रक उपयोगी पडत नाही, कारण मिनिटे तिथेच संपतात. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीसाठी मी सध्या मुलांच्या आजी-आजोबांची वये विचारतो.